‘झालं’ म्हणेपर्यंत हलायचं नाही

मी लेन्स बोलतेय. कॅमेऱ्याच्या तोंडाशी बसते ती. फोटोवाले माझ्या मापावरून मला नुसतं ‘पंच्याऐंशी’ म्हणतात. सुनयना मात्र मला ‘बाई’ म्हणते. मऊ फडक्यानं माझी काच पुसताना ती माझ्याशी बोलते, आणि मला ते आवडतं. पण त्या दिवसापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. मी जे पाहिलं ते अजून माझ्या काचेवरून पुसलं जात नाही. मला तोंड नाही, एक डोळाच काय तो आहे. त्या डोळ्यानं सांगता येईल तेवढं सांगते.

माझा जन्म दूरदेशीच्या एका कारखान्यात झाला. काचा घासल्या, चकचकीत केल्या, एकीमागे एक बसवल्या, एवढंच आठवतं. नीट आठवतं ते हैदराबादच्या दुकानातलं कपाट आणि माझा पहिला मालक. तो मोठ्या घरच्या लग्नांचे फोटो काढायचा. त्यानं मला नवरीचे डोळे दाखवले, मेंदीचे हात दाखवले, गळ्यातले दागिने दाखवले. जेवणाच्या पंगतीकडे किंवा रडणाऱ्या आईकडे त्यानं मला कधी वळवलं नाही.

त्यात त्याचीही चूक नव्हती, माझा स्वभावच तसा. मी एका वेळी एकाच गोष्टीकडे नीट बघते. तिच्या मागचं पुढचं सगळं माझ्या नजरेत विरघळून जातं. मागचा माणूस म्हणजे रंगाचा एक डाग, मागचा दिवा म्हणजे एक गोल टिकली. माणसांना हे फार देखणं वाटतं. आपल्या मागची गर्दी पुसली गेली की आपण उठून दिसतो, असं त्यांना वाटत असावं.

पुढे मालकाकडे माझ्याहून नवी, माझ्याहून जड लेन्स आली. मी डबीत गेले. किती काळ अंधारात पडून होते कोण जाणे. एके दिवशी झाकण उघडलं आणि समोर सुनयना होती. तिनं मला उजेडाकडे धरून आरपार पाहिलं, कडेला फुंकर मारली आणि म्हणाली, “हीच पाह्यजे मले.”

सुनयना मूळची नार्नूरची. आदिलाबादला बसस्टँडजवळ तिचा छोटा स्टुडिओ आहे. पासपोर्टचे फोटो, बारशी, हळदी, शाळांची स्नेहसंमेलनं, असं तिचं काम. समोरच्या माणसाला त्याच्या भाषेत हसवायचं कसब तिच्याकडे आहे. कुणाला “जरा मुस्कुराओ भाभी,” कुणाला तेलुगूत “कोंचेम नव्वंडी,” आणि आपल्या माणसांना, “काका, उधारीवर हसू नका, रोख हसा.”

मोबाईलवर बघून बघून ती एक नवी विद्या शिकली होती. जोडफोटो. माझ्यासारख्या लेन्सनं एखाद्याच्या जवळ उभं राहिलं तर मागचं छान विरघळतं, पण फ्रेममध्ये चेहऱ्याखेरीज काही मावत नाही. सगळं मावावं म्हणून लांब गेलं तर मागचं विरघळत नाही. मग करायचं काय, तर जवळच उभं राहायचं आणि समोरचं सगळं दृश्य तुकड्यातुकड्यांनी टिपायचं. आधी चेहरे, मग हात, मग गोल फिरत कडेची झाडं, गवत, आभाळ. प्रत्येक तुकड्यात शेजारच्या तुकड्याचा थोडा भाग पुन्हा यावा लागतो, नाहीतर कॉम्प्युटरला सांधा सापडत नाही. मग ते सगळे तुकडे गोधडीसारखे जोडायचे. तयार होतो तो फोटो मोठा थोरला, पण माणसं जणू हाताच्या अंतरावर बसलेली, आणि मागचं सगळं जग लोण्यासारखं मऊ.

अट एकच. तुकडे टिपून होईपर्यंत माणसानं हलायचं नाही. सुरुवातीला फार फजिती झाली. एका बैलाला दोन शेपट्या आल्या, एका नवरदेवाला तीन कान. तेव्हापासून सुनयना दटावून सांगायची, “मी ‘झालं’ म्हणेपर्यंत हलायचं नाही अन् बोलायचं बी नाही.” लोक ऐकायचे. फोटो म्हटला की माणूस किती आज्ञाधारक होतो, हे मी जवळून पाहिलं आहे.

अश्लेषा त्या जोडफोटोंपैकीच एक बघून आली होती. ती हैदराबादला नोकरी करते, आईवडील आदिलाबादला राहतात. त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती. “हॉल, केक, स्टेज काही नको,” ती म्हणाली. “असा एक फोटो पाहिजे. दोघांचा.”

वडिलांचं नाव शामराव, आईचं वनमाला. शामराव तहसील कचेरीतून रिटायर झालेले. अंगात इस्त्रीचा सदरा, खिशात छोटा कंगवा, आणि तोंडाला क्षणाची उसंत नाही. त्यांचा जुना मित्र नागोराव तामसीला भाजीपाला आणि कापूस करतो. फोटो त्याच्या शेतात काढायचं ठरलं. कापूस फुटलेला होता. बोंडं माझ्या नजरेत कशी दिसतील, याचा विचार करूनच सुनयना गाडीत खूश होती.

नागोरावानं कापसाच्या कडेला बाज टाकून ठेवली होती. दोघं तिच्यावर बसले. वनमालाबाई शामरावांच्या उजव्या हाताला. सुनयनानं आधी उजेड बघायला म्हणून एक साधा फोटो घेतला. नेमके तेव्हाच शामराव उजव्या हातानं केस विंचरत होते आणि नागोरावाशी काहीतरी बोलून तोंडभर हसत होते.

“बाज तर सागाची दिसते, नागोराव. जंगलखात्याला मालूम आहे का?”

“तुमी रिटायर झाले ना साहेब, आता काऊन पंचनामा करून राह्यले?” नागोराव म्हणाला.

“अहो, ती पोरगी खोळंबली,” वनमालाबाई म्हणाल्या.

“काका, आता हात काकूच्या हातावर ठेवा. असा. घट्ट धरा,” सुनयनानं सांगितलं. “आता मी ‘झालं’ म्हणेपर्यंत हलायचं नाही. बोलायचं नाही.”

“पन्नास सालात हिला जमलं नाही ते तू एका हुकमात केलं,” शामराव म्हणाले. सगळे हसले. मग ते खरोखरच गप्प बसले. मला वाटतं, त्यांची ती शेवटची भरधाव बोललेली ओळ.

आधी चेहरे. दोघांचे ओठ सरळ, डोळे माझ्यावर. वनमालाबाईंच्या कपाळावर एक बट आली होती, पण हलायचं नाही म्हणून त्यांनी ती तशीच राहू दिली. मग हात. शामरावांचा उजवा हात त्यांच्या हातावर, बोटं वळलेली, अंगठा दाबलेला. मग सुनयना डावीकडे सरकली, वर गेली, उजवीकडे आली. कान, खांदे, पदर, बाजेचा खूर. मागे कापूस विरघळून पांढरे गोल गोल फुगे झाले होते. सुनयनाचा श्वास मला ऐकू येत होता. ती आनंदात होती. तिचं सगळं लक्ष आता सांध्यांवर होतं.

मग ती खालच्या ओळीला आली. त्या ओळीत सांध्यापुरता हातांचा थोडा भाग पुन्हा आला. तो मी पाहिला.

हात सुटलेला होता. तोच हात, तोच सदरा, तीच बाही. पण बोटं उलगडून पडली होती, जशी झोपलेल्या माणसाची पडतात. अंगठा कुठल्या कुठे गेला होता. आणि त्या सुटलेल्या हाताखाली वनमालाबाईंचा हात जसाच्या तसा, स्थिर.

माझ्या आत काचा आहेत, रक्त नाही. तरी मी हादरले. मला ओरडायचं होतं, वर वळायचं होतं, चेहऱ्याकडे बघायचं होतं. पण लेन्स वळवावी लागते, स्वतःहून वळत नाही. सुनयनानं मला गवताकडे नेलं. मग बांधाकडे. मग आभाळाकडे. आभाळाचे तुकडे ती टिपत बसली, आणि खाली बाजेवर एक माणूस आज्ञेप्रमाणे न हलता, न बोलता बसून राहिला होता.

“झालं,” सुनयना म्हणाली.

अश्लेषानं टाळ्या वाजवल्या. वनमालाबाईंनी आधी ती बट मागे सारली. नागोराव म्हणाला, “बोला आता साहेब. कवाचं तुंबलं असंल.”

शामराव बोलले नाहीत. ते हळूहळू उजवीकडे कलले आणि त्यांचं डोकं वनमालाबाईंच्या खांद्यावर टेकलं. नागोराव मोठ्यानं हसला. अश्लेषाही हसली, मोबाईल काढून त्या दोघांचा फोटो घेऊ लागली. थट्टेखोर माणसाचं असं होतं. त्याचं पडणंही लोकांना थट्टाच वाटतं.

“अहो, पुरे आता. लोकं बघून राह्यले,” वनमालाबाई म्हणाल्या आणि त्यांनी शामरावांची हनुवटी वर केली. तोंडाची उजवी बाजू ओघळलेली होती. एक डोळा वनमालाबाईंकडे, एक कुठेच नाही, असं काहीतरी. ओठांतून आवाज आला, पण तो शब्द नव्हता.

सगळे जागच्या जागी थिजले. नागोरावाचं हसू त्याच्या तोंडावर तसंच राहिलं होतं, ते काढून टाकायचं त्याला सुचत नव्हतं. मग त्यानंच धाव घेतली, शामरावांना लहान मुलासारखं उचललं आणि गाडीत आडवं केलं. अश्लेषानं गाडी काढली. सुनयना पुढे बसली. तिच्या गळ्यात कॅमेरा, कॅमेऱ्यावर मी, झाकण न लावलेली. तामसीपासून आदिलाबादपर्यंत मी नुसता गाडीचा पत्रा पाहिला आणि मागून वनमालाबाईंचा आवाज ऐकला. त्या एकच म्हणत होत्या, “झालं म्हणाली ना ती. आता बोला. आता बोला.”

दवाखान्यात डॉक्टर भाग्यलक्ष्मी म्हणून एक बाई होत्या. त्यांनी शामरावांना तडक मशीनमध्ये नेलं. बाहेर येऊन त्या म्हणाल्या, “अम्मा, मेंदूच्या नसेत रक्ताची गाठ अडकली आहे. ती विरघळवायचं इंजेक्शन आहे. पण अटॅक नवा असेल तरच देता येतं. जुना असेल तर उलटं मेंदूत रक्त सांडतं. माणूस जातो. आखरी बार ठीक कब थे, ते नक्की सांगा.”

“आत्ताच, फोटो काढताना,” वनमालाबाई म्हणाल्या.

अश्लेषाचा चेहरा एकदम पांढरा पडला. “आई, सकाळी त्यांच्या हातातून चहाची बशी पडली.”

“ती गरम होती गं.”

“गरम होती की हात गेला होता?”

कुणालाच सांगता येईना. पन्नास वर्षं रोज बघितलेला हात सकाळी कसा होता, हे त्या घडीला वनमालाबाईंना आठवेना. डॉक्टर एकीकडून दुसरीकडे बघत होत्या. इंजेक्शन द्यावं तर जीव जायचं भय, न द्यावं तर माणूस असाच राहायचं भय.

सुनयना भिंतीला टेकून उभी होती. तिनं गळ्यातला कॅमेरा काढला. “डॉक्टर, हे पाहा,” ती म्हणाली. पहिलाच फोटो. उजव्या हातात कंगवा, तोंडभर सरळ हसू. मग चेहरे. मग घट्ट धरलेला हात. मग खालची ओळ. तिथे सुनयनाचं बोट थांबलं. तो सैल हात ती पहिल्यांदाच बघत होती. तिच्या घशातून एक आवाज आला, जसा काच तडकताना येतो.

डॉक्टरांनी तो तुकडा मोठा करून पाहिला. “मतलब इथे झालं. किती वाजता?”

खाली वेळ होती, पण ती भलतीच. कुठल्या तरी जुन्या वर्षाची, मध्यरात्रीची. कॅमेऱ्याच्या आतलं घड्याळ कधीचं बिघडलं होतं आणि सुनयनानं ते कधी लावलं नव्हतं.

“ह्या घड्याळावर विश्वास ठेवायचा?” अश्लेषा म्हणाली. तिचा आवाज फाटला होता.

सुनयनानं इकडेतिकडे पाहिलं. मग तिनं मला वर उचललं, वॉर्डाच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे वळवलं आणि एक फोटो घेतला. त्या फोटोच्या खाली कॅमेऱ्याची खोटी वेळ आली, आणि फोटोत भिंतीवरची खरी. “घड्याळ चुकीचं आहे डॉक्टर, पण चालून राह्यलं बराबर. दोन्हीतलं अंतर तेवढं काढा.”

डॉक्टरांनी अंतर काढलं. हात सैल झाल्याला दोन तासही झाले नव्हते. त्यांनी वनमालाबाईंची सही घेतली आणि आत गेल्या.

माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात साधा फोटो. धुरकट भिंत, प्लास्टिकचं घड्याळ, त्याच्या काचेवर पंख्याची सावली. त्यात काहीही विरघळवलेलं नव्हतं.

शामराव वाचले. पण त्या संध्याकाळी ते कुणालाच ठाऊक नव्हतं. बाकावर बसलेली अश्लेषा सुनयनाकडे न बघता म्हणाली, “तुम्ही बोलू नका म्हणालात म्हणून ते बोलले नाहीत. नाहीतर आम्हाला तेव्हाच कळलं असतं. तुमच्या आभाळाच्या फोटोंत किती वेळ गेला.”

सुनयनानं मला कॅमेऱ्यावरून काढलं आणि पिशवीत ठेवलं. नंतर कितीतरी दिवस मी पिशवीतच होते. बाहेर लोक यायचे, ती दुसऱ्या लेन्सनं पासपोर्टचे फोटो काढायची. “हलू नका” हे शब्द तिच्या तोंडून निघेनात. लोक हलायचे, फोटो बिघडायचे, ती पुन्हा काढायची.

एका दुपारी स्टुडिओत वनमालाबाईंचा आवाज ऐकू आला. सुनयनानं त्यांना खुर्ची दिली.

“फोटो जोडला का तू?” त्यांनी विचारलं.

“नाही काकू. हिंमत नाही झाली.”

“जोड. मी बसते इथंच.”

सुनयना कॉम्प्युटरपाशी बसली. कळफलकाची टकटक सुरू झाली. मग वनमालाबाई हळू आवाजात बोलल्या. “सुनयना, मला कळलं होतं.”

“काय कळलं होतं काकू?”

“हात सुटला ते. माझ्याच हातावर होता ना तो. एकदम जड झाला अन् सुटला. मला वाटलं, थकले असतील. मान वळवून बघावं वाटलं. पण तू हलू नका म्हणाली होती. म्हटलं, एवढ्या लांबून आलो, आपल्यामुळे फोटो कशाला बिघडवायचा. मी नाही वळले. अश्लेषाला हे सांगितलं नाही मी. ती तुलाच बोल लावते. तू ऐकून घेते. म्हणून आले.”

सुनयनाचे हात कळफलकावर तसेच राहिले होते, एवढं मला पिशवीच्या फटीतून दिसलं. मग फोटो तयार झाला. सांधा हाताच्या मनगटावरून गेला होता. वरचा चेहरा आधीचा, खालची बोटं नंतरची. कुणालाही ओळखू येणार नाही असा तो जुळला होता. वनमालाबाई उभ्या राहून तो बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “मोठा करून दे. घरी घेऊन ये. त्यांना दाखवायचा आहे.”

सुनयना फोटो घेऊन गेली तेव्हा तिनं मलाही बरोबर घेतलं. का, ते तिलाच ठाऊक. व्हरांड्यात शामराव खुर्चीत बसले होते, उजवा हात उशीवर ठेवलेला. अश्लेषा त्यांना डाव्या हातानं चमचा धरायला शिकवत होती. तिनं सुनयनाकडे पाहून नुसती मान हलवली. आता शामरावांना काही शब्द यायचे, पण एकेक. एका शब्दापासून दुसऱ्यापर्यंत पोचताना ते किती धडपडत, ते बघवत नव्हतं.

वनमालाबाईंनी फोटो त्यांच्यासमोर धरला. मागे कापूस मऊ होऊन वाहत होता. पुढे दोघं, हाताच्या अंतरावर असावीत इतकी जवळ. शामराव आधी चेहऱ्यांकडे बघत राहिले. मग डाव्या हाताचं बोट पुढे करून त्यांनी फोटोतल्या सैल बोटांवर ठेवलं.

“मले…” ते म्हणाले.

“काय, बाबा?”

“मले… कळलं… होतं.”

अश्लेषानं चमचा खाली ठेवला.

“हात… गेला. तोंड… गेलं.” ते थांबले, श्वास घेतला. “म्हटलं… फोटो… होऊ द्या. बिघडंल.” आणि त्यांच्या अर्ध्या तोंडावर हसू आलं, काहीतरी नीट पार पाडल्यासारखं.

वनमालाबाई फोटो धरून खालीच बसल्या. “तुमालेबी?” एवढंच त्या म्हणाल्या. अश्लेषा वडिलांकडे बघत होती, मग आईकडे, आणि तिला हळूहळू सगळं समजत गेलं. तिनं उठून सुनयनाचा हात धरला.

मी सुन्न होते. अजूनही आहे. तिथे पाच माणसं होती, एक कॅमेरा होता, मी होते. ज्याचा हात गेला त्याला कळलं होतं, जिच्या हातावरून गेला तिलाही कळलं होतं, आणि मी तर डोळ्यानं पाहिलं होतं. फोटो बिघडू नये म्हणून सगळे गप्प राहिलो.

सुनयना आता पुन्हा जोडफोटो काढते. पण दर तीन-चार तुकड्यांनंतर ती कॅमेरा खाली करते, समोरच्यांकडे नुसत्या डोळ्यांनी बघते आणि म्हणते, “बोला काहीतरी. नाव सांगा. हात हलवा.” त्यामुळे सांधे चुकतात. कुणाचा एखादा कान वाढतो, कुणाची बांगडी तुटलेली दिसते. गिऱ्हाईक कुरकुरतं. ती ऐकून घेते.

माझ्या कडेच्या रबराला आता चीर गेली आहे, फोकसची कडी फिरवताना मी कुरकुरते. आणखी किती फोटो माझ्या नशिबात आहेत, माहीत नाही. एकच मागणं आहे. कुणी तुमचा फोटो काढत असेल, आणि तुम्हाला बरं वाटत नसेल, तर हला. शेजारच्याचा हात सुटल्यासारखा वाटला तर मान वळवा. माझा फोटो बिघडू द्या.